तुळईची वरची बाजू

किल्ली मनगटापासून कोपरापर्यंत लांब.
एउतीकिया ती पिठाच्या डब्यामागं टांगते.
कुणी आलंच तर आधी एप्रनला हात पुसते,
मग कुलपाशी दोन शब्द बोलते,
मग दार.

बाल्देसेर्नात आता अकरा चुली पेटतात.
सान पेलायोच्या मनोऱ्यावर करकोचे त्याहून जास्त.

या मुलखात दगड नाही.
नजर थकेपर्यंत गहू, आणि गव्हाखाली माती;
म्हणून चर्चही मातीचंच, भाजलेल्या.
पूर्वेची अर्धगोल भिंत,
तिच्यावर आंधळ्या कमानींच्या तीन ओळी,
ज्यांतून आठशे वर्षांत कुणी आलं नाही, गेलं नाही,
फक्त दुपारी सावली मुक्कामाला असते.
खालून चौथ्या थरात एका विटेवर कुत्र्याचं पाऊल.
ओल्या विटा उन्हात मांडल्या होत्या, ते हुंगत आलं,
कुणीतरी हाड् म्हणालं असेल.
कोणत्या भाषेत, ते काही विटेत उमटलेलं नाही.

आत शिरलं की मान आपोआप वर जाते.
छत पुढं कधीतरी, जुनं कोसळल्यावर बसवलेलं:
पाइनच्या पट्ट्या एकमेकींत अडकत जातात
आणि तारे होतात, आठ टोकांचे,
एका ताऱ्याची बोटं दुसऱ्याच्या बोटांत.
पूर्वी ती पाहुण्यांना सांगायची, मुरांचं काम.
आता म्हणते, यूसेचं.

ते असं झालं.
एकाहत्तरच्या बर्फानं छपराची उत्तर बाजू खचली.
तिचा नवरा सातुरिओ वर चढला कौलं काढायला,
आणि तुळईच्या वरच्या अंगाला,
जिथं कौल आणि अंधार यांच्याखेरीज कुणी बघणार नाही,
तिथं काळ्या शाईत एक ओळ.
उजवीकडून डावीकडं.
पाद्रीबाबांना सांगितलं नाही त्यानं. तो काळच तसा.
सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडला,
सुतारी पेन्सिलीनं वळण न् वळण उतरवलं
आणि कौलं परत बसवली.
कागद खणात राहिला,
आधी लग्नाच्या फोटोखाली, नंतर
त्याच्या दफनाच्या पावतीखाली.
एउतीकियाला वाटायचं, प्रार्थना असेल.
कधी कधी शिव्या असतील असंही वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात मेंढ्या राखायला हद्दू आला,
समुद्रापलीकडच्या डोंगरांतला. भाषा येत नव्हती.
तिनं सूप वाढलं आणि वाडग्याशेजारी कागद ठेवला.
त्यानं भुवया आवळल्या.
अक्षरं माझी, त्यानं हातांनी सांगितलं,
शब्द माझे नाहीत.
तरी वाच, तिनं हातांनीच सांगितलं.
तो अडखळत, एकेक अक्षर चाचपत,
अर्थाशिवाय वाचत गेला:
सि-ए-ते... फा-ने-गास... मे... दे-बेन...
आणि तिच्या हातातला डाव
भांड्याच्या काठावर थांबला.
तिचीच भाषा. जरा जुनी,
पणजी बोलायची तशी, पण तिचीच.

"सात फानेगा गहू मला येणं आहे. यूसे, सुतार."

वाचणाऱ्याला कळलं नव्हतं,
कळणारीला वाचता येत नव्हतं.
सूप निवलं.

महिन्यातून एकदा येणारे पाद्रीबाबा हसले:
आता मागायला कोण येणार आहे?
ती म्हणाली, मागण्याचं नाही विचारत मी.
त्यांना दुसऱ्या गावची मिस्सा गाठायची होती.

ऑगस्टमध्ये चुलतभाऊ गौदेन्सिओकडून
तिनं एक फानेगा मोजून घेतला.
यूसेचं माप मोठं होतं की लहान, कोण जाणे;
म्हणून वर दोन ओंजळी जास्त.
हातगाडी ढकलत हद्दूच्या दाराशी नेली.
मी त्याचा कुणी नाही, तो म्हणाला. एवढं बोलायला शिकला होता.
मी तरी कुठं उसने घेतले होते, ती म्हणाली,
आणि पोतं उंबऱ्याला टेकवून निघाली.
त्याच्या कोंबड्यांनी ते ख्रिसमसपर्यंत पुरवलं.

सहा बाकी.
तिचं वय एक्क्याऐंशी, गुडघा डावा.
बोटांवर हिशेब करून झालाय तिचा.
किल्ली कुठं टांगलेली असते
ते हद्दूला दाखवून ठेवलंय.