डॉट थ्री

मेडिकलच्या तेवीस नंबर वॉर्डात
डॉक्टर फुलझेले म्हणाले, छातीत फ्लुइड आहे.
बाबांनी विचारलं, "कोनतं? डॉट थ्री का डॉट फोर?"

डॉक्टर हसले नाहीत.
त्यांची ड्यूटी संपून पाच तास झाले होते.
मी हसले, आणि मग व्हरांड्यात जाऊन
कूलरच्या टाकीत पाइप धरून उभी राहिले
टाकी भरून सांडेस्तोवर.

वाडीच्या नाक्यावर एकतीस वर्षं गॅरेज.
या शब्दाशी बाबांची ओळख माझ्याहून जुनी.
मी आता आठवी क-ला इंग्रजी शिकवते,
पण पहिल्यांदा तो वाचला डब्यावर,
हाताला लागला की रंग खातो असा शब्द.

रात्री फोनवर शब्दकोश उघडला.
लॅटिन फ्लुएरे, वाहणे.
त्याच पोटची भावंडं कुठे कुठे नांदतात.
फ्लूचं आख्खं नाव इन्फ्लुएन्झा,
कारण आजार ताऱ्यांतून खाली ओघळतो
असं इटलीत कधीकाळी लोकांना वाटायचं.
ज्याच्याकडे पैसा वाहत येतो तो अ‍ॅफ्लुअन्ट.
ज्याची जीभ अडत नाही तो फ्लुएन्ट.
बाबा यांतले कोणीच नव्हेत.
पार्ट्‌सच्या यादीत ते इंग्रजी अक्षरं
सळई वाकवावी तशी काढतात.

आपल्याकडे द्रव. धातू द्रु, पळणे.
द्रव्यसुद्धा तिथूनच आलं म्हणतात,
म्हणजे आमच्या घरातून ते पळालं यात नवल नाही.
आणि पातळ.
पातळ म्हणजे वरण,
पातळ म्हणजे गॅरेजमागच्या तारेवर वाळणारं आईचं,
ज्याला ग्रीस लागलं म्हणून एकदा
दोन दिवस चूल बोलली नाही.

सकाळी सिस्टर ढोमणे तक्ता टांगून गेल्या,
आत किती, बाहेर किती.
दिवसाला एक लिटर, चहा धरून.
"अन्‌ तर्री? तर्री धरते का त्याच्यात?
थे तं तेल आहे."
"काका, वाहते ना? मंग धरते."

शब्दकोशात आणखी एक ओळ होती,
मी उगाच वाचून दाखवली:
भौतिकशास्त्रात हवासुद्धा फ्लुइडच.
बाबा उशीवरून अर्धे उठले.
"लिहिनाऱ्यानं कधी ब्रेक मारला नसन.
लाइनीत हवा घुसली का पायडल लुळं.
हवा न्‌ फ्लुइड एक असते तं
मी जिंदगीभर काय काढून राहिलो होतो?"
दम लागला. बोलणं तिथंच राहिलं.

मी नऊ वर्षांची, टेम्पोच्या सीटच्या टोकावर,
पाय कसाबसा पायडलला पुरायचा.
खालून, चाकामागून, फक्त आवाज:
मार, मार, मार.
धर.
सोड.
बाटलीत नळी, नळीतून बुडबुडे,
ते थांबेपर्यंत माझ्या पोटरीत गोळा यायचा.

दुपारी पलंगाच्या कडेला बसवलं त्यांना,
समोर टेबल, टेबलावर उशी, उशीवर कपाळ.
पाय लोखंडी स्टुलावर.
डॉक्टर पाठीमागे, दिसत नव्हते, फक्त आवाज:
खोल श्वास घ्या.
धरा.
सोडा.
आणि मी पाहिलं, दर "धरा"ला
बाबांचा उजवा पाय स्टूल दाबत होता,
टाच उचललेली, चवडा घट्ट.

बाटलीत बाराशे उतरलं.
कपाळ न उचलता त्यांनी रंग विचारला.
पिवळसर, मी म्हटलं, पेंढ्यासारखा.
"डॉट थ्री," ते म्हणाले. "जुनं झालं होतं.
बुडबुडे येऊन राहिले का?"

मी वाकून नळी पाहिली, बराच वेळ.
नाही, बाबा.

"मंग कस."