डांबराचा डबा

लेम्स्टरमध्ये, फेब्रुवारीत,
नासपतीची मोठी फांदी उतरवली.
ताटलीएवढा गोरा काप,
कडेला अजून ओल.
मला बघवेना.

डांबराचा डबा, ब्रश, सगळं आणून ठेवलेलं.
वडील आंब्याला शेणमाती लिंपायचे,
हात तेच मागत होते.

ग्विलिम शिडीवरूनच म्हणाला, नको.
ओल कोंडते, आतून कुजतं.
झाडाची जखम भरत नाही म्हणे,
झाड आत भिंत घालतं
आणि कडेकडेनं वाढत राहतं.

मग खालचा जुना काप दाखवला,
आधीच्या मालकिणीनं काळजीनं रंगवलेला.
काळी खपली नखानं टोकरली,
बोट आत गेलं.

डबा शेडमध्ये परत.
रात्री कडक गारठा.
दोनदा उठून
खिडकीशी गेले.
उघडाच होता.