पान दोनशे चौदा

तार्तूत दर गुरुवारी संध्याकाळी
इंद्रेकच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात
आम्ही पाच जण,
आणि टांगलेल्या चाकांखाली सहा जाडजूड खंड.

माइमू, निवृत्त दंतवैद्य,
तिनं मिठाच्या राज्याचा अख्खा नकाशा
टेबलक्लॉथवर भरलाय.
नद्या निळ्या दोऱ्याच्या.
समुद्रात बीटच्या सुपाचा एक डाग पडला,
त्याला आता आम्ही बेटच म्हणतो.

वाद नेहमीचाच:
तिसऱ्या खंडात मरताना द्वारपाल
उजवा हात का उचलतो?
जन्माचा डावखुरा माणूस!
उर्वेनं बस चालवता चालवता
अकरा वर्षं यावर डोकं खपवलंय.
तिच्या मते मेला तो जुळा भाऊ.
म्हणजे खरा जिवंत आहे. कुठेतरी.

आणि मी अतिशहाणी,
मूळ भाषेतलं पुस्तक घेऊन गेले.
पान उघडून दाखवलं: डावा.
आपल्याकडे छापणाऱ्याची चूक.

कुणीच काही बोललं नाही.
इंद्रेकनं उगाच एक चाक फिरवलं,
ते बराच वेळ टिकटिकत राहिलं.
शाळकरी कारेल माझ्याकडे असा बघत होता
जणू भाला मीच मारला.

मग माइमूनं चष्मा पुसला,
दुखणार नाही हं, अशा हातानं
माझं पुस्तक मिटलं.
"त्यांच्याकडे मेला असेल," म्हणाली.

उर्वेनं बिस्किटांचा डबा सरकवला.
कारेलनं हळूच विचारलं,
मग आता तो असेल कुठे?

सगळे नकाशावर वाकले.
मीही.

"बेटावर," मी म्हणाले.