मात्रा

टाचेखालचा ठिपका मला आधी रंगच वाटला.
काळा इनॅमल, शिडीवरून उतरताना पायाखाली आलेला.
टर्पेंटाइननं घासला. आठवडाभर घासला.
रंग असता तर गेला असता.

बेचाळीस वर्षं पाट्या रंगवल्या या बेळगावात,
खडेबाजारापासून अनगोळपर्यंत,
कधी वर कन्नड, खाली मराठी,
कधी उलटं. गल्लीत ज्याचा जोर, त्याची ओळ वर.
रात्री कोणीतरी काळं फासायचं,
सकाळी दुकानदार मला हाक मारायचा.
कोणी फासलं, कधी विचारलं नाही.
दोन्हीकडच्या काळ्यावर माझी चूल पेटली,
खोटं कशाला बोलू.

आता काळं माझ्याच पायाला.
टाचेचा तुकडा काढला, तरी गाठी
नडगीवरून मांडीकडं निघाल्या,
शिडी चढावी तशा, एकेक पायरी.

हिरेमठ डॉक्टरीणबाईंच्या मराठीत
मध्येच कन्नडचा खडा लागतो.
म्हणाल्या, मुतगेकर, ही पेशी तुमच्याच घरची.
दारावरची पाटी काढून आत बसलीय,
पहारेकरी पुढून जातात, थांबत नाहीत.
पाटी लावायला हवी तिच्यावर.
कोण लावणार?
विषाणू.

कुठला, तर तोच,
ताप येऊन गेला की ओठाला जर उठवणारा.
त्याच्यातली दोन अक्षरं खोडलीत,
चांगल्या पेशीत त्याला आता बिऱ्हाड करता येत नाही.
बिघडलेलीत मात्र वाढतो, वाढत वाढत
भिंत फोडून बाहेर पडतो.
शिवाय एक अक्षर नवं घातलंय, हाळी देणारं:
या गा, इकडं या, हे बघा काय आहे इथं.

बायको म्हणाली, आजारी माणसात अजून आजार घालायचा?
मला कळलं होतं.
मागं एकदा डोळ्यांच्या दवाखान्याची पाटी लिहिताना
एक मात्रा राहून गेली.
'येथे डाळे तपासून मिळतील.'
तीन दिवस पोरं मुठीत डाळे घेऊन
डॉक्टरच्या टेबलावर ओतत होती.
ब्रशाच्या एका फटकाऱ्यानं शब्दाचा धंदा बदलतो,
विषाणूचा का बदलू नये?

संमतीच्या कागदावर 'प्रयोग' हा शब्द
कन्नडात नि मराठीत एकच निघाला,
कपडे तेवढे वेगळे.
सही केली. जरा वळण देऊनच केली.

सिस्टर पिएदादनं नडगीतल्या गाठीत सुई घातली.
मांडीतलीला कोणी हातही लावला नाही.
रात्री हुडहुडी भरली,
दोन रग, वर बायकोची शाल, तरी दात वाजतायत.
ती म्हणे, डॉक्टरला फोन लावू?
म्हटलं, थांब. माणसं जमतायत आत.
कोण कुठल्या भाषेत हाका मारतंय
ते काय मला ऐकू आलं नाही. पण जमत होती.

पाचव्या खेपेला नडगी सपाट.
मांडीतली, जिला सुई माहीतच नाही,
तीही मऊ पडलीय थोडी.
पहारेकऱ्यांनी नडगीवरची पाटी वाचली
आणि तोच चेहरा वर जाऊन ओळखला, असं बाई सांगतात.
पण घोट्याजवळ एक नवी आलीय,
मुगाएवढी. तीही त्यांनी मोजली,
वहीत लिहिली, पेनाचं टोपण लावलं.

म्हटलं, बाई, मात्रा लागू पडली म्हणायची का?
'नोडोण,' म्हणाल्या. बघूया.
इतक्या वर्षांत हा शब्द
मला कोणी पाटीवर लिहायला सांगितला नाही.

उठताना दाराकडं लक्ष गेलं.
'संसर्ग नियंत्रण कक्ष', त्यातला रफार उडालाय.
'संसग' वाचत लोक आत जातात, बाहेर येतात.
सिस्टरला म्हटलं, पुढच्या खेपेला ब्रश घेऊन येतो.
शिडी नको. तिथवर हात पुरतो माझा.