फाइल निवडा

रेंजची एकच काडी, संगणक दानात आलेला;
चित्रांचं ओझं दोघांनाही झेपत नाही.
म्हणून मी पोर्टल नुसतं अक्षरांतच उघडतो,
सोललेल्या शिंगाड्यासारखं:
साल गेली, रंग गेला, आतला गर तेवढा.

तलावाच्या ठेक्याचा अर्ज. अध्यक्षांचा फोटो जोडा.
इथे बटण नाही, माउसचा बाण नाही,
कंसातली रेघ फक्त,
आणि रेघेवर फाइलचा पत्ता हातानं लिहायचा:
कुठल्या घरात, कुठल्या खोलीत, कुठल्या नावानं.
एक तिरपी काडी चुकली
की फाइल सापडली नाही, परत पहिल्यापासून.

सीतकुराबाई दिघोरे बाजूच्या बाकावर.
ओल्या लुगड्याला गाळाचा वास.
"माहा फोटो कोठी आहे याच्यात?"
हा, म्हणालो. त्यांच्या नावाची सात इंग्रजी अक्षरं दाखवली.
"नाक-डोळे?"
ते आत आहेत.

फोटो एकोणपन्नास केबी. मर्यादा पन्नास.
'पाठवा' या शब्दावर येऊन एंटर दाबलं.
खालच्या ओळीत आकडे सरकू लागले,
बारावर थांबले. एकतीसवर बराच वेळ.
मी पुन्हा एंटरकडे बोट नेलं.
बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या,
खिडकीतून तलावाकडे.
"जाळं टाकलं का मंग हात लावू नाही," म्हणाल्या,
"दिसत नाही म्हून का मासा नाही?"

एकोणपन्नास.
पावती क्रमांक आला. प्रिंटरला शाई नव्हती.
त्यांनी तळहात पुढे केला.
बॉलपेन खवल्यांवरून घसरत होतं.