प्रभारी

दारावरच्या पाटीवर माझ्या नावाआधी ‘प्रभारी’ आहे.
रंगाऱ्याने तेवढं बारीक काढलं होतं,
म्हणाला, बाई, हे चार महिन्यांत पुसावंच लागेल.
सहा वर्षं झाली.
दार ढकलणाऱ्यांचे हात नेमके नावावर पडतात,
नाव फिकटलंय.

चोपड्याच्या या दवाखान्यात
मी आधी हातांनी काम करायचे.
अडलेली बाई, पायाळू बाळ, गेलेली लाईट,
फेगडे सिस्टर बॅटरी धरायच्या
आणि अंधारातही बोटांना ठाऊक असायचं
कुठे थांबायचं.
आता बोटांना ठाऊक आहे
कुठली फाईल जळगावला अडते,
कुठली मुंबईला,
आणि कुठली माझ्याच टेबलावर, माझ्याच भीतीने.

मंजूर पदं सत्तावीस. भरलेली अकरा.
भूलतज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी.
म्हणून बुधवारी अडलेल्या बाईला
मी जळगावची चिठ्ठी लिहून देते
आणि एकशेआठचा लाल दिवा
तापीच्या रस्त्याला लागेपर्यंत
पोर्चमध्ये उभी राहते.
त्या उभं राहण्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

मे महिन्यात वॉर्डात सेहेचाळीस अंश,
कूलर तीन, त्यातला एक नुसताच वारा घालणारा.
व्हीसीमध्ये साहेब विचारतात,
पोर्टलवर आकडे का नाहीत?
मी म्हणते, सर, इथे नेट नाही.
हे मी नेटवरूनच म्हणते.
सगळे हसतात. मीही.

पोळ्याच्या दुसऱ्या रात्री
सातपुड्यातल्या एका पाड्यावरून
मण्यार चावलेला मुलगा आला.
इंजेक्शनच्या कुप्या होत्या, मी स्वतः मोजलेल्या.
डॉ. गुलसिंग पावरा ड्यूटीवर होता
आणि झोपला होता,
बाकावर, बूट न काढता.
वीस मिनिटं गेली.
मुलगा वाचला. बातमी तरी झालीच.
एका नेत्याचा फोन आला, मग दुसऱ्याचा.
एकाला गुलसिंग निलंबित हवा होता,
दुसऱ्याला मी.

कारणे दाखवा नोटीस नेरकर भाऊसाहेबांनी टाईप केली,
मसुदा जुनाच, नाव तेवढं बदललं.
‘आपण कर्तव्यावर असताना निद्रिस्त आढळलात.’
ड्यूटीचा तक्ता माझ्या सहीचा.
त्यात सलग तीन रात्री गुलसिंग,
माझ्याच अक्षरात.
तिसऱ्या रात्रीपाशी मी थांबलेही होते,
पेन उचललं होतं.
दुसरं नाव नव्हतं.

सही केली.
तिच्याखाली जागा उरली, तिथे काहीतरी लिहावंसं वाटलं.
भाऊसाहेब म्हणाले, मॅडम, तिथे शिक्का येतो.

तो खुर्चीत बसला नाही.
त्याच्या पाड्यावरचा पहिला डॉक्टर,
पावरीत बोलतो तेव्हा बाया
कुठे दुखतं ते सांगतात,
मला नुसतं ‘हो’ म्हणतात.
मॅडम, कारण काय लिहू?
मी म्हणाले, थकवा लिहू नको.
थकवा हे कारण धरत नाहीत.
पहिला टाका घालताना ज्याचं मनगट मी धरलं होतं,
त्याला मी हे म्हणाले.

संध्याकाळी औषधाच्या खिडकीशी झेलाबाई भेटली.
तिच्या तीन सुना माझ्या हातून मोकळ्या झाल्या.
दंड धरून म्हणाली,
“तू आते निस्त्या सह्याज करस का वं माय?”
मी नाही म्हणाले,
आणि पुरावा म्हणून तिची नाडी धरली.
चाळीसपर्यंत गेले असेन,
नेरकर धावत आले.
मॅडम, जळगावहून फोन. अर्जंट आहे.
मी मनगट सोडलं नाही.
बहात्तर.
एक ठोका मधेच गळत होता
किंवा मोजताना मीच चुकले.
“मी बरी शे ना?”
नेरकर उभेच होते, फोन पुढे धरून.
मी म्हणाले, थांब जरा,
परत बघते.