नोंद

उद्यमनगरात तिसऱ्या गल्लीत माझं लेथ.
पाटीवर अजून अब्बांचंच नाव, शिकलगार, पुढचं गंजलंय.

नेजदारांचा धैर्यशील शटर अर्धं खाली असताना
वाकून आत आला.
"चाचा, टर्बो बसवायचाय. आणि मागं सरळ नळी."
मी बसवला. खोटं कशाला बोलू.
फ्लँज फिरवला, केसभर जादा होता तो बोटानं ओळखून काढला.
कागल रोडला त्यानं मला शेजारी घेऊन दाबली
तशी पाठ सीटला चिकटली,
बासष्ट वर्षांची पाठ.
हसूच आवरेना मला.

ताराबाई पार्कात हेरवाडे मॅडमनी बॉनेट उघडलं.
टॉर्च मारली. आरसीवरचे आकडे वाचले,
शाळेत हजेरी घेतात तसे.
"कंपनीनं लिहून दिलंय ते, आणि हे, एकच आहे काय?"
धैर्यशील म्हणाला, "मॅडम, त्यापेक्षा चांगलं आहे."
"चांगलं आहे काय असं मी विचारलं नाही."

रंग बदला, अर्ज करा. गॅसचं किट घाला, नोंद करा.
हे मात्र काढा. सगळं. आणि गाडी परत दाखवा.
मी भिंतीकडं बघत उभा. हात काळे, ते खिशात.

त्याच रांगेत मागं गुंडू आवटी.
फौंड्रीत लाडल सांडलं, गुडघ्याखालचा पाय गेला.
त्याच्या गाडीला हाताचा दांडा. ओढला की ब्रेक, ढकलला की वेग.
तोही माझ्याच लेथवरचा.
मला वाटलं, झालं, आता हेही काढा.

मॅडम चपला काढून आत बसल्या.
दोन्ही पाय सीटवर, मांडी घालून,
पंगतीला बसल्यासारख्या,
आणि लिंबाच्या झाडाला दोन फेऱ्या मारून आल्या.
"दांडा इंचभर वाढवा. घाईत हात निसटतोय."
मग पुस्तकात लिहिलं. एक ओळ.
दांडा कुणी केला, त्याला रकाना नाही.

तो इंच मी त्याच संध्याकाळी वाढवला.

टर्बो फळीवर आहे, पेपरात गुंडाळलेला.
धैर्यशील कधी चहाला येतो,
पेपर सोडतो, पात्याला बोट लावतो.
आवाज नाही काही.
फिरत राहतं बराच वेळ.